माझी पाच वर्षं, तुमचा एक महिना

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

विषय : लोकप्रतिनिधींचा पगार कुणी, कसा आणि किती ठरवावा याबाबत खुले पत्र.

सन्माननीय सदस्यहो, सप्रेम नमस्कार.

मी एक माजी सरपंच. जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०२२ अशी पाच वर्षं आमच्या गावाचा कारभार पाहिला. थेट जनतेतून सरपंच निवडायचा नियम नवाच आला होता, त्या पहिल्या खेपेला निवडून आले. गाव दीड हजार वस्तीचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुठल्या कार्यालयाशी भांडण उकरून काढायचं नाही. घरची अडीच एकर जिरायत आणि पिठाची गिरणी, एवढ्यावर आमचं चालतं. गावात बऱ्याच जणांना वाटायचं की खरे सरपंच आमचे हे असणार. पण हे पाचही वर्षं गिरणीवरच होते, कारण मी पंचायतीत आणि हेही पंचायतीत, तर दळण कोण दळणार?

सरपंच झाले त्या दिवशी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. सवय गिरणीचीच, उधारी लिहायची. त्या वहीची बेरीज मी परवा पुन्हा करून पाहिली आणि मग हे पत्र लिहायला बसले.

पहिली दीड वर्षं मानधन महिन्याला १,००० रुपये होतं. २०१९ च्या जुलैपासून दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना ३,००० झालं. म्हणजे १८ महिन्यांचे १८ हजार आणि ४२ महिन्यांचे १ लाख २६ हजार. पाच वर्षांची सगळी बेरीज १ लाख ४४ हजार.

सातव्या वेतन आयोगानंतर तुमचं एका महिन्याचं मूळ वेतन १ लाख ८२ हजार २०० रुपये झालं. त्यावर महागाई भत्ता. त्यावर दूरध्वनीचे ८ हजार, टपाल-लेखनसामग्रीचे १० हजार, संगणक चालकाचे १० हजार. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेला तेव्हाच हा आकडा महिन्याला ३ लाखांच्या वर गेला. भत्ते सगळे बाजूला ठेवू. नुसतं मूळ वेतन धरलं तरी माझी पाच वर्षं तुमच्या एका महिन्यात बसतात आणि वर ३८ हजार २०० रुपये उरतात.

उजवं पानही सांगते. तालुक्याच्या फेऱ्यांचं एसटीचं भाडं, एसटी चुकली की वडापचं. झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज. पाहणीला आलेल्या साहेबांचा चहा, आणि उशीर झाला की जेवण. रात्री अडलेल्या बाळंतिणीसाठी केलेली जीप. १५ ऑगस्टला शाळेतल्या पोरांना जिलेबी. शिवाय आहेर. गावात वर्षाला पंचवीस-तीस लग्नं, आणि सरपंचाचा आहेर ५१ रुपयांचा चालत नाही. सगळं मिळून २ लाख १३ हजार गेले. वरचे ६९ हजार गिरणीतून. यात माझी बुडालेली मजुरी मी धरलेलीच नाही. २०१७-१८ साली रोजगार हमीचा दर दिवसाला २०१ रुपये होता. म्हणजे महिन्यातून पाच दिवस माती उचलली असती तर सरपंचकीएवढंच मिळालं असतं, आणि रात्री बारा वाजता पाण्याची मोटर जळाली म्हणून कुणी दार वाजवलं नसतं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ताई, आमच्या पगारावर जळता का? नाही. ते आधीच स्पष्ट करते, नाही तर पुढचं सगळं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल. आमदारांचा पगार शून्य करा, सेवा म्हणून करा, असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते मला पटत नाही. फुकट काम करायला ज्याच्याकडे आधीच पोट भरलेलं आहे तोच येतो. माझी थोरली लेक राज्यशास्त्र घेऊन बीए करते. तिच्या पुस्तकात आहे की १८३८ साली इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी जी सनद काढली, तिच्या ६ मागण्यांपैकी एक होती खासदाराला पगार द्या ही. कारण बिनपगारी संसदेत जमीनदारच बसायचे. ती मागणी मान्य व्हायला १९११ उजाडलं, तेव्हा वर्षाला ४०० पौंड सुरू झाले. गरिबाला सभागृहात जाता यावं म्हणून पगाराची सुरुवात झाली, हे मला त्या पुस्तकातून कळलं, आणि तेव्हापासून आमदाराला पगार कशाला, असं मी कुणाला म्हणू देत नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीनं फिरले. आमच्याकडे अजून त्यांचं नाव निघालं की बोलणारा माणूस आवाज खाली आणतो. पण साधेपणाच्या गोष्टी सांगून मला हा प्रश्न मिटवायचा नाही. सगळे गणपतराव होतील असं धरून कायदा करता येत नाही. माणसं साधारण असतात, मीही साधारण आहे. साधारण माणसाला कारभार नीट करता यावा एवढा पगार हवा. माझी तक्रार तुमच्या आकड्यापेक्षा तो कसा ठरतो आणि खाली काय उरतं याबद्दल आहे.

पहिली तक्रार ५ ऑगस्ट २०१६ ची. पावसाळी अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी तुमच्या सभागृहात वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना, एकमतानं मंजूर झालं. पंच्याहत्तर हजारांच्या आसपासचा पगार एका झटक्यात दीड लाखाच्या पुढे गेला. माजी सदस्यांचं निवृत्तिवेतन ४० हजारांचं ५० हजार झालं. तुमच्यातले काही जण आज नवे असतील, तेव्हा तिथं नसतील. पण तो कायदा बदला, असं नंतर आलेल्या कुणी जोर लावून म्हटल्याचं आमच्या कानावर आलं नाही. सत्ताधारी आणि विरोधक कांद्यावर भांडतात, आरक्षणावर भांडतात, एकमेकांचे माईक ओढतात. या एका विषयावर मात्र घरातल्यासारखी शांतता. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकात गोंधळ चालू असताना आमदारांचा पगार ४० हजारांचा ८० हजार झाला, तोही चर्चेविना.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ नं तुमचं वेतन कायद्यानं ठरवण्याचा अधिकार तुम्हालाच दिला आहे, हे खरं. पण अधिकार आहे म्हणून बोलायचंच नाही, असं तिथं लिहिलेलं नाही. आमच्या ग्रामसभेत घरपट्टी शंभर रुपयांनी वाढवायची म्हटलं तर दोन तास खडाजंगी होते. एकदा मी पंचायतीच्या कार्यालयासाठी ३,२०० रुपयांचं कपाट घेतलं, तर पुढच्या ग्रामसभेत एका आजोबांनी उभं राहून विचारलं, लाकडी का नाही घेतलंस? मला उत्तर द्यावं लागलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं बरोबर होतं.

दुसरी तक्रार. २०१६ च्या कायद्यानं तुम्ही स्वतःला प्रधान सचिवांच्या वेतनश्रेणीशी जोडून घेतलंत. म्हणजे वेतन आयोग आला की तुमचा पगार वाढतो, महागाई भत्ता वाढला की तुमचाही वाढतो. पुन्हा विधेयक आणायला नको, पेपरात बातमी यायला नको. मुळात ही पद्धत चांगली आहे. मग ती फक्त वरच्या मजल्यालाच का? सरपंचाचं मानधन एक ठोक आकडा असतो. २०१९ ला ठरला, २०२४ पर्यंत तसाच. त्या पाच वर्षांत डिझेल, गॅस, तेलाचा डबा कुठून कुठं गेला हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली तेव्हा, तो दुप्पट झाला. दोन हजारांपर्यंतच्या गावाला ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्याच्या वर १० हजार. मिळालं त्याबद्दल आभारच. पण तुम्हाला सूत्र आणि आम्हाला निवडणुकीची ओवाळणी, हे कसं?

त्या वाढीनंतरही हिशेब मांडून पाहा. ६ हजार म्हणजे दिवसाला २०० रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीचा दर २९७ होता. उपसरपंचाचं तर विचारूच नका. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा बहिणीला १,५०० आणि आमच्या एवढ्या गावाच्या उपसरपंचाला १,०००. आमचे उपसरपंच म्हणाले, वहिनी, मी राजीनामा देऊन बहीण होतो. आम्ही खूप हसलो.

मार्च २०२२ ची एक बातमी मला तोंडपाठ आहे. तेव्हा मी सरपंच होते, मानधन ३ हजार. अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदार निधी ४ कोटींवरून ५ कोटी झाला, स्वीय सहायकाचा पगार २५ हजारांवरून ३० हजार, आणि वाहनचालकाचा १५ हजारांवरून २० हजार. ही बातमी मी गिरणीवर बसून मोबाइलवर वाचली. चालकाला २० हजार मिळावेतच. रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या माणसाचं घर त्याहून कमीत चालत नाही, हे सरकारला कळलं, बरं झालं. मग दीड हजार माणसांचं पाणी, दिवे, गटार, शाळा, स्मशान आणि भांडणं सांभाळणाऱ्या बाईचं घर ३ हजारांत चालतं, हे कुणी ठरवलं? तिलाही तुमच्यासारखंच मतपेटीतून यावं लागतं.

तिसरी तक्रार एका शब्दाची. तुम्हाला मिळतं ते वेतन. सरपंचाला, आशाताईला, अंगणवाडी सेविकेला, पोलीस पाटलाला मिळतं ते मानधन. ‘सदस्यांचे वेतन व भत्ते’ असा कायदा तुमच्यासाठी १९५६ पासून आहे. आमच्यासाठी शासन निर्णय निघतात. वेतन थकलं तर ओरड होते. मानधन थकलं तर साहेब म्हणतात, येईल हो, अनुदान आलं नाही. शिवाय सरपंचाच्या मानधनातला काही हिस्सा शासन देतं आणि उरलेला ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून घालायचा असतो. म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी वसूल झाली तर. दुष्काळाच्या वर्षी लोकांच्या दारात पट्टी मागायला जायचं आणि त्यातून स्वतःचे पैसे काढायचे? मी दोन वर्षं तो हिस्सा घेतलाच नाही, नंतर मागचा सगळा मिळून घेतला. माझ्या शेवटच्या सात महिन्यांचं शासनाकडचं मानधन मुदत संपल्यावर चौदा महिन्यांनी खात्यात आलं. तोवर मी चार वेळा अर्ज केला. कुणाचं नाव घेत नाही, पण एका टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं होतं, आता तर तुम्ही सरपंच नाही, मग कशाला हवेत?

मानधनातला मान आम्हाला देता आणि धन वर ठेवून घेता, असं आमचे सासरे म्हणायचे. त्यांना तिरकस बोलायची सवय होती.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की नवल, ठरवता येत नाही. पगार खाली कमी होत जातो आणि अटी खाली वाढत जातात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. विधानसभा लढवता येते. घरी शौचालय नसेल तर ग्रामपंचायत सदस्य होता येत नाही. थेट सरपंच व्हायचं आणि जन्म १९९५ चा किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास हवं. आमदार व्हायला शाळेची पायरी चढलेली असण्याचीही अट नाही. या अटी वाईट आहेत असं मी म्हणत नाही, शौचालयाची तर मला पटते. पण कमी पगाराच्या माणसाकडून जास्त शिस्त आणि जास्त पगाराच्या माणसाला मोकळीक, ही रीत कुठल्या घरात चालते? हजेरीचंही तसंच. आम्ही सलग सहा महिने मासिक सभेला गेलो नाही तर पद जातं. तुमच्यासाठी घटनेत सलग ६० दिवसांची अट आहे, पण सभागृह संस्थगित असतानाचे दिवस त्यात धरायचे नाहीत. नागपूरचं २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांचं झालं. अशा वेगानं ६० दिवस भरायला कितीदा नागपूरला जावं लागेल, लेक हिशेब करत होती, मीच थांबवलं.

पाचवी तक्रार निवृत्तिवेतनाची, आणि ती आमच्या घरातली आहे. माझे धाकटे दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले म्हणून जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात ते सात दिवस ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत उन्हात बसले होते. त्याच्या तीनच महिने आधी नागपूरच्या अधिवेशनात सरकारकडून सांगितलं गेलं होतं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. असेलही खरं. नंतर त्यांच्यासाठी सुधारित योजना आल्या, त्यातलं काय घ्यायचं याचा दिरांचा विचार अजून चालू आहे. पण ज्या सभागृहात हे सांगितलं गेलं, तिथल्या सदस्याला एक टर्म झाली की आयुष्यभर महिन्याला ५० हजार, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा. पगारातून त्यासाठी कपात नाही, तीस वर्षांच्या नोकरीची अट नाही. दीर म्हणतात, वहिनी, निवृत्त होईपर्यंत माझी तेहतीस वर्षं आणि त्यांची पाच. मी म्हटलं, माझीही पाचच होती. सरपंचाला पेन्शन नसते, आणि मला ती नकोही आहे. पाच वर्षांच्या कामावर जन्मभराचं पोट बांधणं मला तिथंही पटत नाही आणि इथंही.

आता तुमची बाजू. करोनात, एप्रिल २०२० पासून वर्षभर तुमच्या पगारात ३० टक्के कपात झाली होती. मी ते विसरलेली नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी मुंबई-पुण्याहून परतलेल्या ४३ माणसांना शाळेच्या वर्गांत ठेवून दोन वेळचा डबा पोचवत होते. मतदारसंघात दोन-अडीच लाखांच्या वर मतदार, रोज शंभर माणसं दारात, प्रत्येकाला चहा, कुणाला दवाखान्याला पैसे, हेही मी पाहिलेलं आहे. माझा आहेर पाचशेचा तर तुमचा पाच हजारांचा असणार. आणि हेही मान्य करते की तुमच्या पगारानं तिजोरी बुडत नाही. ३६६ जणांचे महिन्याला ३ लाख धरले तर वर्षाला १३१ कोटींच्या वर जातात, आणि राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा आहे. समुद्रात खसखस. तुमचा पगार बंद केला तर अमक्याची कर्जमाफी होईल, असं म्हणणाऱ्यांना गणित येत नाही.

पण मग पगार कशासाठी, हा प्रश्न उरतोच. चांगल्या पगारामुळं साध्या घरातला माणूस सभागृहात येईल, हे त्याचं कारण. तो आला का? २०२४ ला निवडून आलेल्या आमदारांची शपथपत्रं मोजली तर शंभरातले ९७ कोट्यधीश निघाले. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची कायदेशीर मर्यादाच ४० लाख आहे, आणि प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणजे तुमच्या दारावर अडसर पगाराचा नाही, निवडणुकीच्या खर्चाचा आहे. पगार ३ लाखांचा ५ लाख केला तरी शेतमजूर तिथं पोचणार नाही. आमच्या दारावर मात्र अडसर पगाराचाच आहे. ग्रामपंचायत ही एकच जागा अशी आहे की जिथं मजुरी करणारी बाई खरोखर निवडून येऊ शकते. निम्म्या जागा बायांच्या आहेत, मतं मागायला पायी फिरता येतं. ती निवडून येते. आणि मग पाच वर्षं खायचं काय, इथं अडते.

हे मी हवेत बोलत नाही. २०२२ च्या शेवटी माझी मुदत संपत आली तेव्हा मी आमच्याच आळीतल्या एका बाईला म्हटलं, तू उभी राहा. भूमिहीन घर, दोघंही मजुरीला जातात. बचत गटाचा हिशेब तिच्याइतका चोख कुणाचा नाही. पाण्याच्या टाकीच्या वेळी ठेकेदाराला तिनं पायरीपायरीला अडवलं होतं. लोकही म्हणत होते, तिला करू. तिनं माझी वही मागून घेतली. दोन दिवसांनी परत आणून दिली आणि म्हणाली, काकू, ६९ हजार मी कुठनं आणू? एवढंच बोलली. अर्ज तिनं भरला नाही. सरपंचपद बिनविरोध एका जेसीबीवाल्याच्या घरात गेलं. माणसं वाईट आहेत असं नाही. पण आता गावात मुरूम टाकायचा असो, चर खणायचा असो की तळ्याचा गाळ काढायचा असो, यंत्र कुणाचं येतं हे सांगायची गरज नाही.

पद स्वस्त ठेवलं की ते विकलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली होती, नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांवर. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं त्या दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. पैसा मंदिराला जाणार होता, असं म्हणतात. असेना. पण महिन्याला चार-पाच हजार रुपये मिळणाऱ्या खुर्चीला कोटीची बोली लागते, तेव्हा बोली लावणारा ते मानधन मोजत नसतो. मलाही एकदा रस्त्याचं बिल काढायच्या आधी एकानं विचारलं होतं, ताई, लेकीच्या कॉलेजची फी भरायची असेल ना? मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. फी खरंच भरायची होती.

तर मागण्या. कमी आहेत.

लोकप्रतिनिधींचं वेतन ठरवायला राज्यात एक स्वतंत्र आयोग नेमा. सरपंचापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांसाठी एकच. त्यात विधिमंडळाचा आजी-माजी सदस्य नको. निवृत्त न्यायाधीश, हिशेब तपासणीतला माणूस, अर्थशास्त्र शिकवणारा कुणी आणि ग्रामसभेतून आलेली दोन माणसं एवढी पुरेत. ब्रिटनमध्ये खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा निघाल्यावर २००९ मध्ये असं स्वतंत्र प्राधिकरण झालं आणि पगार ठरवणं खासदारांच्या हातातून गेलं. आपल्याला घटनेप्रमाणं कायदा तुम्हीच करायचा आहे, पण आयोगाचा आकडा जसाच्या तसा घेऊ, एवढं त्या कायद्यात लिहिता येतं. आणि वाढ झालीच तर ती पुढच्या सभागृहाला लागू करा, चालूला नको.

तोवर वेतनाचं कुठलंही विधेयक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आणू नका. किमान एक दिवस चर्चा, आणि नावानिशी मतदान. कोण बाजूनं, कोण विरोधात, आम्हाला कळू द्या.

तुम्हा प्रत्येकाचं मूळ वेतन, भत्ते, प्रवास, वैद्यकीय बिलं, वाहनकर्जाच्या व्याजातला सरकारी वाटा, हे सगळं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर दर महिन्याला मराठीत एका पानावर टाका. ग्रामपंचायतीचा जमाखर्च आम्हाला ग्रामसभेपुढं वाचून दाखवावा लागतो.

निवृत्तिवेतनाला १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या कर्मचाऱ्याचाच नियम लावा. पगारातून कपात, जेवढी वर्षं तेवढाच वाटा. पंजाबनं २०२२ मध्ये टर्मागणिक वाढत जाणारी पेन्शन बंद करून आमदाराला एकच पेन्शन ठेवली. तिथलं सभागृह अजून चालू आहे.

आणि शेवटची, जिच्यासाठी मी मुळात लिहायला बसले. तुम्ही स्वतःला प्रधान सचिवाशी जोडून घेतलंत, सरपंचाला निदान शासनाच्या शिपायाशी जोडा. सातव्या आयोगात सर्वांत खालच्या पायरीचं मूळ वेतन १५ हजार आहे. तेवढं द्या, वर त्याच्यासारखाच महागाई भत्ता. सगळं राज्याच्या तिजोरीतून, पट्टीच्या वसुलीशी न बांधता, महिन्याच्या ठरल्या तारखेला थेट खात्यात. त्याला मानधन न म्हणता वेतन म्हणा. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. भत्ता सोडून वर्षाचे साधारण ५०० कोटी होतात, आणि त्यातला काही भाग आजही जातोच आहे.

या पत्राची एक प्रत आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना टपालानं पाठवली आहे. पुढच्या ग्रामसभेत याच मागण्यांचा ठराव मांडणार आहे. आता मी साधी गावकरी, तेव्हा हात वर करून बोलायला परवानगी मागावी लागेल. जेसीबीवाल्यांच्या सूनबाई सरपंच आहेत, देतील. त्यांनाही मानधन उशिराच मिळतं.

माझी वही गिरणीत फळीवर आहे. तुमच्यापैकी कुणालाही पाहायची असेल तर झेरॉक्स पाठवते, खर्च माझा. बदल्यात तुमच्या एका महिन्याचं डावं-उजवं पान पाठवा. स्वतः यायचं असेल तर गिरणी दुपारी चारनंतर चालू असते, वीज असली तर.

आपली,
एक माजी सरपंच